आज पाहुणे यायचेत

१२ जानेवारी

मावशी,

खुशाली मागून विचारते. आधी हे ऐक. तुझ्या दिरांचं पत्र आलंय, नाट्यगृह समितीच्या जाड कागदावर, खाली 'अध्यक्ष' म्हणून शेपटीवाली सही. आईच्या नावाने दरवर्षी ते जी हास्यसंध्या करतात, तिच्यात यंदा 'थोर विनोदी अभिनेत्रीच्या सुकन्येने' आपल्या मंडळीचं नाटक करावं, असा त्यांचा आग्रह आहे. पुढचं वाक्य जसंच्या तसं उतरवते : "तुमच्या मातोश्रींना मी सख्ख्या बहिणीच्या जागी मानत असे. माझ्या घराचं दार त्यांच्यासाठी कधीच बंद नव्हतं."

वाचलंस? कधीच बंद नव्हतं!

तालमीच्या खोलीत मी हे मोठ्याने वाचलं. आमचा मुख्य नट, ज्याला आम्ही सगळे बुटका म्हणतो, तो सतरंजीवर लोळून हसला. मला हसू आलं नाही. आई गेल्यापासून मी जणू या पत्राचीच वाट बघत होते. मी लगेच होकार कळवला. नवा फार्स लिहितेय, लोकांनी पोट धरून हसावं असा. त्या माणसाला पहिल्या रांगेत बसवून त्याचा सगळा मुलामा गावासमोर खरवडून काढणार आहे. बुटक्याला त्यांचाच चष्मा, त्यांच्यासारखाच कोट, त्यांचाच मधला भांग. कुणाला शंका राहायला नको.

तू रागावशील. रागाव. दारं कशी लागतात आणि दारामागे कोण उभं असतं, हे तुला मी सांगायला नको.

भाची


२० जानेवारी

पोरी,

तुझं पत्र ओट्यापाशी उभ्याने वाचलं आणि दूध उतू गेलं. ते पुसून आता निवांत बसलेय.

तुझा राग मला कळतो. भाऊजी बोलतात एक आणि वागतात एक, हे मला नवीन आहे का? त्यांची बायको गेल्यापासून आणि तुझे काका गेल्यापासून या घरात आम्ही दोघंच. सभेत "वहिनी म्हणजे माझी आई" म्हणतात आणि घरी आल्यावर आईला विचारतात, साखर इतक्या लवकर कशी संपली. मी मनातल्या मनात हसते आणि भाजी चिरते. तुझ्या आईला लहानपणापासून दुसरं सुचायचंच नाही, कुणी मोठेपणा मिरवला की ही दाराआड त्याची नक्कल करायची. तेच तुझ्यात उतरलंय.

पण एक सांगते. त्यांचा चष्मा, त्यांचा भांग करू नकोस. तोंडावर तोंड ठेवलंस की माणूस बिचारा होतो. लोक म्हणतील, म्हाताऱ्याची टवाळी करायला आली. शिवाय तुमचं नाटक समिती आधी वाचून घेते. भाऊजींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, बारीक अक्षर दिसत नाही, त्यामुळे वाचून दाखवायचं काम माझ्याकडे येणार. मी शाळा पाहिली दुसरीपर्यंत, बाकी सगळं वाचन पुड्यांच्या कागदांवर झालं. पण वाचते ठसक्यात.

आणि पोरी, जुनं उगाळू नकोस. शेवटच्या वर्षी आमची धाकटी, तुझी आई, एवढी आजारी असून माझ्याकडे फिरकलीसुद्धा नाही, याचं मला काय कमी लागलं होतं? भाऊजी तेव्हा म्हणाले, "नामवंत माणसं ती, त्यांना आपली कुठली आठवण." मी गिळून टाकलं. तूही गिळ.

तुझं ते दारामागचं वाक्य काही कळलं नाही. लिहिणाऱ्या माणसांचं काहीतरी असेल म्हणून सोडून दिलं.

मावशी


६ फेब्रुवारी

मावशी,

संहिता सोबत पाठवतेय. समितीत द्यायच्या आधी तू वाच. विशेषतः शेवटचा, दारातला प्रवेश. त्यात पडद्यामागे उभी राहून सगळं ऐकणारी आणि तोंडातून शब्दही न काढणारी एक बाई आहे. ती कोण, हे तू ओळखशील.

कळलं नाही म्हणतेस. नाटकातली मंडळी मी रोज बघते मावशी, पण तुझ्याइतकं सफाईने कुणाला जमत नाही.

भाची


१० फेब्रुवारी

पोरी,

प्रवेश वाचला. तीनदा वाचला. बाई आजारी, हातात पिशवी, बहिणीच्या दारात उभी. दार उघडणारा गृहस्थ तिला आत घेत नाही. मागे पडदा हलतो.

हे तू मनाने रचलंस का? खरं सांग. तुला तुझ्या आईची आण आहे.

मावशी


१४ फेब्रुवारी

मावशी,

तुझ्या चार ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. तुला खरंच ठाऊक नव्हतं?

आई तुझ्याकडे आली होती. तुमच्या गावातल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं होतं, आठवडाभर तुझ्याकडे राहावं म्हणून. मी तेव्हा मंडळीबरोबर दौऱ्यावर होते. तुझ्या दिरांनी दार उघडलं. म्हणाले, "वहिनी घरात नाहीत." आणि मग म्हणाले, "आमचं घर म्हणजे तुमचंच घर. पण आज पाहुणे यायचेत." आई सायकलच्या दुकानावरच्या लॉजमध्ये राहिली आणि एकटीच डॉक्टरकडे जाऊन आली.

हे तिने मला रडून नाही सांगितलं. दवाखान्यातल्या खाटेवर उशीला टेकून तिने तो अख्खा प्रवेश करून दाखवला. हात छातीवर ठेवून, मान तिरकी करून, "तुमचंच घर!" दोन नर्स आणि शेजारच्या खाटेवरची म्हातारी, तिघी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. आईसुद्धा हसली. मग खोकला आला. तो तिचा शेवटचा प्रयोग.

"वहिनी घरात नाहीत" हे मला खोटंच वाटलं. वाटलं, तू आत होतीस, दिरासमोर तोंड उघडायची हिंमत नव्हती. इतकी वर्षं मी तुला तेवढ्यासाठी माफ केलेलं नाही.

कुठे होतीस तू? उन्हाळ्याचे दिवस होते. आईने तुझ्या नातवासाठी विणलेलं टोपडंही आणलं होतं, पिवळ्या लोकरीचं. ते तिने त्यांच्याच हातात दिलं.

भाची


२ मार्च

पोरी,

इतके दिवस लिहिलं नाही.

मी लेकीच्या बाळंतपणाला तिच्या गावी गेले होते. परत आले त्या दिवशी भाऊजींनी माझ्या पुढ्यात पिवळं टोपडं ठेवलं. "नातवासाठी घ्या वहिनी. अख्खा बाजार पालथा घातला, तेव्हा मनासारखं मिळालं." एक कान दुसऱ्यापेक्षा आखूड होता. तुझ्या आईची लोकर शेवटाला कायम कमी पडायची. मी ते टोपडं हातात घेऊन म्हटलं होतं, "अगदी आमच्या धाकटीच्या हातासारखं आहे हो." तर हा माणूस काय म्हणाला ठाऊक आहे? "हो ना, म्हणूनच घेतलं."

त्या टोपड्यापायी मी वर्षानुवर्षं त्याला गरम पोळी वाढली गं.

आता माझं ऐक. गिळ म्हटलं होतं ना? थुंकलं मी ते. पडद्यामागच्या बाईचं मला वाईट वाटलं नाही. तुला जे दिसलं ते तू लिहिलंस. पण तिला काढून टाक, तिच्या जागी टोपडं घाल. दारात ती बाई टोपडं देते, दार लागतं, आणि तो गृहस्थ आत वळून घरातल्यांना सांगतो, "मी स्वतः बाजारातून आणलं." टोपडं मी पाठवतेय. लेकीकडून मागवून घेतलं. खरंच वापर, दुसरं विणू नकोस.

संहिता मी काल भाऊजींना वाचून दाखवली, शेवटचा दारातला प्रवेश तेवढा सोडून. ते आरामखुर्चीत, डोळ्यांवर हिरवी पट्टी, मी समोर. पोरी, तो माणूस हसला. असा हसला की पट्टी सरकली. "हा तर आपला वखारवाला!" म्हणाले. लाकडाच्या वखारीचा मालक समितीत कायम यांच्या विरुद्ध मत देतो, ठाऊक आहे ना तुला? मी म्हटलं, "अगदी तोच वाटतो." मग काय, यांना उकळी फुटली. आपणहून भर घालायला लागले. "याला असं करायला सांगा, वहिनी. आग्रह करतोय असं दाखवायचं आणि चहासुद्धा द्यायचा नाही. म्हणावं, 'तुम्ही घाईत दिसता, म्हणून थांबवत नाही.'" मी लिहून घेतलं. "आणि गहिवरून आल्यावर चष्मा काढून पुसायचा. डोळे कोरडे, चष्मा मात्र लख्ख!" तेही लिहून घेतलं. "वखारवाला असं करतो?" मी विचारलं. "असली माणसं मी बरोबर ओळखतो," म्हणाले. आणि छातीवर हात ठेवला.

सोबत सगळं जोडलंय. एक अक्षर गाळू नकोस.

बुटक्याला वखारवाल्यासारखी झुपकेदार मिशी लाव. मी वखारीत जाऊन त्याला आधीच कानात सांगून आले, उगाच त्याचं मन दुखायला नको. तो म्हणाला, "मिशी खुशाल न्या. नाटकापुरती का होईना, कामाला येईल."

आणि शेवटचं. तुझी आई एकच वाक्य दोनदा म्हणायची, आठवतं? पहिल्यांदा म्हणायची, हशा होऊ द्यायची. लोक हसून दमेपर्यंत हलायची नाही. मग तेच वाक्य पुन्हा, सावकाश. दुसऱ्यांदा कुणाला हसता यायचं नाही. तू दारातली बाई करणार आहेस ना? दार लागल्यावर त्याचं वाक्य तू म्हण. दुसऱ्यांदा.

मावशी


९ मार्च

मावशी,

टोपडं मिळालं. कुणी बघत नाही असं बघून नाकाशी धरलं. तिचा वास नाही, फडताळाचा वास आहे.

तालीम जोरात आहे. तुझ्या दिरांनी घातलेल्या हशाच्या जागांना बुटका सर्वांत जास्त खुलतो. म्हणतो, "हे लिहिणारा माणूस एकतर प्रतिभावान आहे, नाहीतर गुन्हेगार."

पण मला आता झोप लागत नाही. मी प्रयोग करून दुसऱ्या गावाला निघून जाईन, तुला मात्र त्याच माणसाच्या घरात जायचंय. त्याने तुला बाहेर काढलं तर? या वयात तू कुठे जाशील? माझ्याकडे ये म्हणेन, पण माझं बिऱ्हाड म्हणजे चार पेट्या आणि भाड्याची खोली. आईनेही तुला मुद्दामच सांगितलं नसेल, तुझं त्या घरातलं राहणं कडू होईल म्हणून. तू म्हण, दारातला प्रवेश मी काढून टाकते. बाकीचं नाटकही हसवतं.

भाची


१३ मार्च

पोरी,

काढलास तर माझं तोंड बघू नकोस.

हे अर्धं घर तुझ्या काकांच्या वाटणीचं आहे. मला बाहेर काढायला त्यांना आधी दार उघडावं लागेल, आणि आता त्यांच्या दारावर लक्ष ठेवायला अख्खं गाव असणार आहे. काढलंच, तर तुझ्या पाचव्या पेटीवर बसेन आणि तुमचे फाटके कोट शिवेन. पण मी सुखात राहावं म्हणून धाकटी त्या लॉजच्या जिन्यावर धापा टाकत चढली, हे माहीत असून मी तसलं सुख खाऊ? घास उतरेल का?

मी पहिल्या रांगेत त्यांच्या शेजारी बसणार आहे. जांभळी साडी इस्त्री करून ठेवलीय.

मावशी


२९ मार्च

मावशी,

प्रयोग संपला आणि आमची गाडी उभीच होती, दुसऱ्या दिवशी दुपारी पुढच्या गावात खेळ. तू विंगेत आलीस, बुटक्याच्या हातातून टोपडं ओढून घेतलंस आणि चालू लागलीस. तुझा चेहरा बघून मला भीती वाटली.

रंगमंचावरून मला फार दिसत नाही, डोळ्यांवर उजेड असतो. पण कान उघडे होते. तुझ्या दिरांचं हसू मी सबंध नाटकभर ओळखत होते, सगळ्यांच्या आधी सुरू आणि सगळ्यांच्या नंतर बंद. "तुम्ही घाईत दिसता"ला तर ते टाळी वाजवत होते. टोपडं पिशवीतून काढलं, तेव्हा ते हसू मध्येच तुटलं. जशी कुणी सुतळी कापावी. बाकी लोक हसतच होते.

बुटक्याने दार लावलं. मी हशा संपायची वाट बघितली. मग म्हटलं, "आमचं घर म्हणजे तुमचंच घर. पण आज पाहुणे यायचेत." मावशी, आवाज माझा नव्हता. मी तिच्यासारखी म्हणायला गेले नव्हते, तो तसा आला. सगळं सभागृह गप्प. कुणाचीतरी खुर्ची करकरली तेवढीच.

पुढे काय झालं? त्यांचं अध्यक्षीय भाषण व्हायचं होतं. आमच्या पेट्या गाडीत चढत होत्या तेव्हा आतून मोठा हशा ऐकू आला. नाटक तर संपलं होतं. मग कशाला हसत होते लोक? आणि तू कुठून लिहिशील, घरातून की दुसरीकडून? लवकर कळव.

भाची


५ एप्रिल

पोरी,

घरातूनच लिहितेय. नेहमीच्या ओट्यापाशी. आता नीट ऐक, मी चवीने सांगणार आहे.

टोपडं निघालं तसे भाऊजी माझ्याकडे वळले. मी समोर बघत राहिले. ते हळूच म्हणाले, "वहिनी..." मी म्हटलं, "हसा की भाऊजी, थांबलात का? तुमचीच तर भर आहे." त्यांच्या पलीकडे वखारवाला मिशीला पीळ देत बसला होता. मग तू ते वाक्य म्हटलंस. मी रडणार नव्हते, पण आधी ठरवलेलं डोळ्यांना कुठे कळतं.

पडदा पडला, मी विंगेतून टोपडं घेऊन जागेवर परत आले. चिटणीसांनी पुकारलं, "आता अध्यक्षसाहेब दोन शब्द बोलतील." जाऊ नये एवढी अक्कल त्यांना राहिली नाही, की सवयीने पाय उचलले, देव जाणे. माइकसमोर उभे राहिले. म्हणाले, "त्या थोर कलावतीला मी बहीण मानत होतो." आणि हात गेला छातीवर. पोरी, बुटक्याने तासभर तेच केलं होतं! मागून कुणीतरी फिस्स केलं. भाऊजी गोंधळले. गोंधळले की ते काय करतात? चष्मा काढून पुसतात. त्यांनी काढला. पुसला. सभागृह फुटलं! बाया पदर तोंडात कोंबून हसत होत्या. समितीचा खजिनदार, जो यांच्यासमोर मान वर करत नाही, तो खुर्चीवरून खाली घसरला. भाऊजींचे कान लाल झाले. सुटका करून घ्यावी म्हणून घाईघाईने म्हणाले, "असो. तुम्ही सगळे घाईत दिसता, म्हणून थांबवत नाही."

तू ऐकलास तो हशा हाच.

मला वाटत होतं, कुणीतरी उठून त्यांना चार शब्द सुनवावेत. नको होते गं. आपल्या हाताने घातलेल्या जागा होत्या, एकेकीत पाय अडकत गेला. आता त्यांच्याकडे गहिवरायला काही उरलंच नाही. छातीवर हात नेला तरी गाव हसणार, चष्म्याला हात लावला तरी हसणार.

घरी आलो. दारात त्यांची किल्ली भोकात जाईना. एरवी मला दया आली असती, पण टोपडं माझ्या मुठीत होतं. "वहिनी," म्हणाले, "त्या दिवशी माझी खरंच अशी परिस्थिती होती की..."

मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही घाईत दिसता." आणि त्यांच्या आधी आत गेले.

दाराशी एकच खुंटी आहे, तुला आठवत असेल, त्यांच्या टोपीची. त्यांची टोपी मी खुर्चीवर ठेवली आणि खुंटीला टोपडं अडकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटलं, काढून फेकतील. नाही फेकलं. धीरच होत नाही. बाहेर जाताना मान खाली घालून टोपी खुर्चीवरून उचलतात, आल्यावर तिथेच ठेवतात. पोळ्या करते, पण आता गरम वाढत नाही. झाकून ठेवते. त्यांनी उठून घ्याव्यात.

आणि गंमत पुढेच आहे. दारावर कुणीही आलं की ते माझ्या आधी धावतात. त्यांना आता कुणालाच दारातून परत पाठवता येत नाही! मीटर बघायला माणूस आला, त्याला बैठकीत बसवलं. झाडू विकणारी बाई आली, तिला बसवलं. काल पोस्टमनला म्हणाले, "आत या ना, चहा घेऊन जा." तो बिचारा इतका दचकला की सायकलवरून पडता पडता वाचला. गल्लीतली पोरंटोरं तर मुद्दाम घंटी वाजवून जातात. चहा मी करत नाही. स्वतः करतात, आणि साखर किती लागते ते त्यांना आता कळायला लागलंय.

तुला वाटेल, एवढं बस झालं. मला नाही वाटत. बहीण एकदाच मिळते.

तुम्हाला सुट्टी पडली की ये. पिशवी घेऊन ये, आठवडाभर राहायला. मागच्या दाराने नको, पुढच्या दाराने. घंटी वाजव आणि उभी राहा, हाक मारू नकोस. दार तेच उघडतील. तुला बघून काय म्हणतात ते मला ऐकायचंय.

या खेपेला पडद्यामागे खरंच मी असेन.

मावशी